मिसळणाचा डबा आणि पाऱ्याची नळी

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात जिन्नस ठेवण्याच्या तीन जागा होत्या. पहिली चुलीच्या उजव्या हाताला : बसल्या पाटावरून हात पोचेल अशा बेताने ठेवलेला पितळेचा मिसळणाचा डबा. दुसरी भिंतीतले फडताळ. त्यात डाळी, गूळ, चिंच, खोबरे. तिसरी माजघरापलीकडची काळोखी कोठीची खोली. तिथे कणग्यांतून वर्षाचे धान्य. ह्यांच्याही पलीकडे चौथी जागा म्हणजे पेठेतला वाणी, पण तिथे जायचे तर पायांत वहाणा घालाव्या लागत.

डब्यात मावे थोडे, पण हाती येई तत्काळ. कोठीत मावे उदंड, पण तिथून काही आणायचे तर दिवा लावा, कडी काढा, झाकण उचला, माप भरा, आणि तोवर इकडे फोडणी करपली तरी बोलू नका! दिवाळीच्या आधी आठ दिवस मात्र ह्या डब्याची मांडणी पालटे. एरवी फडताळात असणारे वेलदोडे, जायफळ, खसखस ही मंडळी चुलीशेजारी येऊन बसत, आणि धण्याजिऱ्याची पूड तात्पुरती हद्दपार होई. कारण विचारले तर आजी म्हणे, “घटकाभरात दोनदा लागतं ते हाताशी हवं. बाकीचं जाऊ दे तिकडे.”

आज संगणकाच्या इतिहासातली एक लहानशी कथा वाचकांना सांगायला बसलो, आणि पहिले आठवले ते हे वाक्य. कारण गेल्या पाऊणशे वर्षांत जगातल्या भल्याभल्या गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी ज्या प्रश्नावर डोके शिणवले, तो मुळात हाच आहे : थोडे पण चटकन मिळणारे, आणि पुष्कळ पण उशिरा मिळणारे, ह्यांचा संसार एकत्र कसा चालवायचा?

प्रश्न प्रथम नेमका मांडला गेला तो १९४६ साली. आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन व्हॉन नॉयमन ह्या तिघांनी त्या वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे एका नियोजित गणनयंत्राविषयी निवेदन लिहिले. यंत्राला अमर्याद स्मृती असावी आणि तिच्यातला कोणताही शब्द मागताक्षणी मिळावा, अशी इच्छा कोणाला नाही? परंतु तसे घडवता येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. म्हणून स्मृतीच्या पायऱ्या कराव्या लागतील, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा मोठी पण मंद असेल, असे त्यांनी सांगून ठेवले. डबा, फडताळ, कोठी!

त्याच वर्षी इंग्लंडातून मॉरिस विल्क्स नावाचे केंब्रिजचे एक तरुण संशोधक फिलाडेल्फियाला गणनयंत्रांवरील व्याख्याने ऐकण्यासाठी गेले होते. परतीच्या जहाजावरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा कागदावर उतरवण्यास आरंभ केला. तेच पुढे ‘एडसॅक’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. ६ मे १९४९ रोजी त्याने पहिला हिशोब केला : शून्यापासून नव्याण्णवापर्यंतच्या अंकांचे वर्ग. शाळकरी मुलाने पाठ म्हणावेत असे हे वर्ग यंत्राने स्वतः करून छापले, तेव्हा त्या खोलीतल्या माणसांना काय वाटले असेल, ह्याची कल्पनाच करावी.

ह्या एडसॅकची स्मृती कशाची होती म्हणाल, तर पाऱ्याची. सुमारे पाच फूट लांबीच्या पोलादी नळ्यांत पारा भरलेला. एका टोकाकडून ध्वनीचे सूक्ष्म ठोके सोडायचे. ते पाऱ्यातून धावत दुसऱ्या टोकाला पोचले की टिपून, ताजे करून पुन्हा पहिल्या टोकाशी सोडायचे. ठोका आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. आकडा कुठे लिहून ठेवलेला नाही. तो सतत फिरतो आहे, आणि फिरतो आहे तोवरच तो आहे. एक फेरा पुरा व्हायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागे. जत्रेतल्या पाळण्यात आपला मुलगा बसलेला असावा, आणि त्याच्या हाती काही द्यायचे तर त्याचा पाळणा खाली येईपर्यंत आपण ताटकळत उभे राहावे, तसे त्या यंत्राचे होई. हवा तो शब्द नळीच्या टोकाशी येईतो गणन करणारा भाग हातावर हात ठेवून बसे. संगणकाच्या इतिहासात ‘वाट पाहणे’ हा शब्द असा पहिल्या दिवसापासून आहे.

ह्याच यंत्रात आपल्या कथेतले दुसरे पात्रही जन्माला आले. यंत्र सुरू केले तेव्हा नळ्यांत काहीच नसे. काम सांगणारी आज्ञावली कागदी पट्टीवर भोके पाडून तयार असे. पण पट्टी वाचावी कशी, हे तरी यंत्राला कोणी सांगायचे? ते सांगायलाही आज्ञावलीच हवी, आणि ती आत आणायला पुन्हा आज्ञावली! ही गाठ डेव्हिड व्हीलर ह्या विद्यार्थीदशेतल्या तरुणाने सोडवली. त्याने अवघ्या ३१ आज्ञा रचल्या. टेलिफोन केंद्रात असतात तसल्या फिरत्या निवडकळांवर त्या तारांनी कायमच्या जोडून टाकल्या होत्या. कळ दाबली की ह्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, पट्टी वाचू लागत, आणि खरी आज्ञावली आत आणून बसवत. त्यांना ‘प्रारंभिक आज्ञा’ असे नाव होते.

इंग्रजीत एक गमतीचा वाक्प्रचार आहे : आपल्याच बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःला वर उचलणे. आपल्याकडे स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढणे म्हणतात, तशातलाच हा असंभव पराक्रम. रिकाम्या यंत्राने स्वतःलाच जागे करण्याच्या ह्या क्रियेला त्यावरून ‘बूटस्ट्रॅप’ आणि पुढे नुसते ‘बूट’ असे नाव पडले. त्या क्रियेचा कारभार पाहणारी छोटी आज्ञावली ती ‘बूटलोडर’. आपल्या खिशातला टेलिफोन सुरू करताना क्षणभर जे चित्र दिसते, त्याच्या आड हाच व्हीलरच्या ३१ आज्ञांचा वंश काम करीत असतो.

आपल्या मुंबईतही ह्या सुमारास काही घडत होते. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण मंडळी स्वतःचे गणनयंत्र बांधीत होती. ते १९६० साली चालू झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. ह्या यंत्राची स्मृती पाऱ्याची नव्हती. फेराइटच्या बारीक कंकणांची होती. मणी पोतीत ओवावेत तशी ती कंकणे तारांच्या जाळ्यात ओवलेली असत, आणि प्रत्येक कंकण एक किंवा शून्य एवढेच ध्यानात ठेवी. इथे पाळण्याची वाट पाहणे नाही. कोणतेही कंकण सारख्याच अंतरावर. पण ओवणकाम माणसाच्या बोटांचे, म्हणून महाग. ज्याला पुष्कळ साठवायचे असे त्याला फिरत्या पिंपाकडे किंवा तबकड्यांकडे वळावे लागे. १९५६ साली अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने पहिले तबकड्यांचे कोठार बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, त्यांवर ५० लाख अक्षरे. हवे ते अक्षर हुडकायला मात्र अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. कोठी मोठी झाली होती, पण तिची कडी अजून जडच होती.

आता ह्या दोहोंमधले येणेजाणे कोणी पाहायचे? प्रारंभी हे काम आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच गळ्यात होते. कोणता जिन्नस केव्हा कोठीतून काढायचा, केव्हा परत ठेवायचा, ह्याचा हिशोब तो करी आणि मेटाकुटीला येई. मँचेस्टर येथे टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅटलस’ नावाचे यंत्र बांधले. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यात कंकणांची स्मृती आणि फिरते पिंप ही दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असा भास आज्ञावलीकाराला होई. ने-आण यंत्र आपली आपण करी. पुढे काय लागणार नाही, ह्याचा अंदाज मागच्या वागणुकीवरून बांधून तो भाग पिंपावर परत पाठवण्याचीही योजना त्यात होती. धण्याजिऱ्याची पूड हद्दपार करण्याची आजीची कला यंत्राला प्रथम साधली ती इथे.

आणि मग पुन्हा विल्क्स. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी एक अगदी लहानसा लेख प्रसिद्ध केला. दहा लाख शब्दांची मंद स्मृती असेल, तर तिच्या दिमतीला बत्तीस हजार शब्दांची चपळ स्मृती द्यावी, असे त्यांनी सुचवले. मोठ्या स्मृतीतून जे जे मागवले जाईल त्याची एकेक प्रत ह्या धाकटीत राहू द्यावी, सोबत ती कोणत्या पत्त्यावरची आहे ह्याची खूणचिठ्ठी असावी. तोच शब्द पुन्हा लागला तर धाकटीनेच द्यावा. असे केल्यास मोठ्या स्मृतीचा ऐसपैसपणा आणि धाकटीची चपळाई, दोन्ही पदरात पडतील. विल्क्सनी हिला ‘दास-स्मृती’ म्हटले होते. हे नाव टिकले नाही, आणि टिकले नाही ते बरेच झाले.

प्रत्यक्ष बाजारात ही कल्पना उतरली ती १९६८ साली जाहीर झालेल्या आय. बी. एम.च्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात. त्याची मुख्य स्मृती कमीत कमी पाच लाखांवर अक्षरांची. चपळ स्मृती सोळा हजारांची, म्हणजे फार तर बत्तिसावा हिस्सा. यंत्राचा एक ठोका ८० नॅनोसेकंदांचा, आणि मुख्य स्मृतीचा फेरा सुमारे हजार नॅनोसेकंदांचा. (एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद.) एवढ्याशा डब्याने काय होणार, असे कोणालाही वाटावे. परंतु अभियंत्यांनी खऱ्याखुऱ्या आज्ञावल्यांच्या मागण्या एकामागून एक नोंदून पाहिल्या, तेव्हा दिसले की शंभरातल्या सुमारे ९७ मागण्या ह्या डब्यातूनच पुऱ्या होतात. ढोबळ हिशोब करून पाहा. डब्यातल्या वस्तूला एक क्षण आणि कोठीतल्या वस्तूला बारा क्षण धरले, तर शंभर मागण्यांना ९७ अधिक ३६, म्हणजे १३३ क्षण लागतील. डबा नसता तर बाराशे लागले असते!

हे कसे साधते? कारण यंत्राच्या आज्ञावल्या माणसांनीच लिहिलेल्या असतात, आणि कामाची रीत सर्वत्र एकच. जे आत्ता लागले ते लवकरच पुन्हा लागते. ज्या जिन्नसाला हात लावला त्याच्या शेजारच्यालाही लवकरच हात लागतो. मोहरी घेतली की मागोमाग हिंग आणि हळद आलीच.

ह्या नव्या सोयीविषयीचे लेख कंपनीच्या नियतकालिकासाठी आले, तेव्हा त्यांत तिचा उल्लेख नुसता ‘जलद साठा’ अशा अर्थाच्या शब्दाने होता. संपादकांना हे नाव फिके वाटले. लेखकांकडून दुसरे येईना, तेव्हा त्यांनीच ‘कॅश’ हा शब्द सुचवला. मूळ फ्रेंच. अर्थ : लपवून ठेवण्याची जागा, गुप्त साठा. आपल्या कानांना तो ‘रोकड’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच लागतो, आणि गंमत अशी की हा गैरसमजही अर्थाला धरूनच आहे. खिशातली रोकड थोडी पण चटकन कामी येणारी. पेढीतली ठेव मोठी, पण ती काढायला रांगेत उभे राहावे लागते.

पुढची वाटचाल भराभर झाली. जे एका खोलीत मावत नसे ते नखाएवढ्या चकतीवर आले. १९८९ साली इंटेल कंपनीच्या ४८६ ह्या चकतीवर ८ किलोबाइटांचा कॅश आतच बसवलेला होता. बहुतेक चकत्यांवर ह्या डब्याचे दोन कप्पे झाले : एक आज्ञांसाठी, दुसरा डेटासाठी, म्हणजे ज्या मालावर काम करायचे त्यासाठी. आज्ञा सहसा वाचल्याच जातात, बदलल्या जात नाहीत. म्हणून त्यांचा कप्पा निरुपद्रवी. डेटाचा कप्पा मात्र कटकटीचा. तिथे सारखी उलथापालथ. डब्यातली हळद बदलली आणि कोठीतली जुनीच राहिली, तर खरी कोणती?

ह्या कटकटीचा जाच सर्वात अधिक झाला तो बूटलोडरला. धुलाईयंत्र, रुग्णालयातले उपकरण, मोटारीतला पडदा, रस्त्यावरचा सिग्नल अशा वस्तूंच्या पोटात दडलेले लहान संगणक घ्या. त्यांना जागे करण्यासाठी जगभर जो बूटलोडर वापरतात त्याचे नाव ‘यू-बूट’. १९९९ साली एका लहानशा आज्ञावलीपासून त्याचा उगम झाला. जर्मनीचे वोल्फगांग डेंक ह्यांनी २००० पासून तिला ‘पीपीसीबूट’ म्हणून वाढवले, आणि २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. जर्मन भाषेत ‘बूट’ म्हणजे नाव किंवा होडी, आणि ‘यू-बूट’ म्हणजे पाणबुडी. तेव्हा नावात कोटीही साधली. डेंक २०२२ साली निवर्तले. त्यांची पाणबुडी अजून असंख्य यंत्रांच्या तळाशी इमानाने फिरते आहे.

ह्या पाणबुडीच्या जगात घरचे मोठे माणूस कोणी नसते. मोठी कार्यप्रणाली अजून जागी झालेली नसते. तेव्हा डेटा कॅश उघडायचा तर आधी कोणता पत्ता खऱ्या स्मृतीचा आणि कोणता बाहेरच्या उपकरणाचा, ह्याचा तक्ता करून प्रोसेसरला द्यावा लागतो. घड्याळाकडे पाहून वेळ सांगायची असते. मघाशी टिपून ठेवलेली वेळ डब्यातून काढून देऊन कसे चालेल? त्यातही आणखी मेख अशी, की साठवणीचे कार्ड वाचणारा भाग पुष्कळदा माल परस्पर कोठीत नेऊन ओततो. डब्याला पत्ताच नसतो. मग डब्यातला शिळा माल आधी फेकून द्या, किंवा डब्यात केलेला बदल कोठीत पोचवा, ही दक्षता हाताने घ्यावी लागते. एक ठिकाणी विसर पडला की यंत्र कालची भाजी आजची म्हणून वाढते. म्हणून अनेक फलकांवर, विशेषतः ‘आर्म’ जातीच्या प्रोसेसरांवर, पुष्कळ काळ सोपा मार्ग पत्करला गेला : डेटा कॅश बंदच ठेवायचा. काम अचूक होई. पण प्रत्येक चिमटीसाठी कोठीची कडी काढावी लागे.

ह्यातून मोजणीचा प्रश्न कसा उभा राहतो ते सांगतो. माझा एक भाचा अशा फलकांवर काम करतो. मागल्या दिवाळीत तो आमच्याकडे आला तो एक फलक, तारांचे जंजाळ आणि काळजीचा चेहरा घेऊनच. यंत्र जागे व्हायला फार वेळ घेत होते. “मामा, कार्डच भिकार आहे. सगळी पेटी दुकानदाराला परत करायची आहे,” तो म्हणाला.

मी म्हटले, “अरे, दुकानदाराला बोलावण्याआधी माप तरी घे.”

यू-बूटमध्ये ‘टाइम’ अशी एक आज्ञा आहे. तिच्यापुढे दुसरी आज्ञा लिहिली की त्या कामाला लागलेला वेळ ती सांगते. ‘डीकॅश’ अशीही एक आज्ञा आहे. तिच्याने डेटा कॅश उघडता किंवा मिटता येतो. एवढी दोन हत्यारे पुरेत. परंतु मापात पाप नको, म्हणून आधी घड्याळच तपासले. बूटलोडरचे घड्याळ प्रोसेसरचे ठोके मोजून चालते, आणि ठोक्यांचा वेग त्याला चुकीचा सांगितला असेल तर त्याचा सेकंद आपला सेकंद नसतो. यंत्राला दहा सेकंद झोपायला सांगितले आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. दहाच भरले. माप खरे.

मग कमाल मर्यादा काढली. ते कार्ड ज्या पद्धतीने जोडले होते तीत सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट येऊ शकतात. आणायची होती दहा मेगाबाइट. म्हणजे कार्ड कितीही उत्तम असले, तरी ०.४ सेकंदाच्या आत माल येणे शक्य नाही. आणि त्याहून लवकर आला असे यंत्र म्हणाले, तर आपण कार्ड मोजले नाही, कुठे तरी राहिलेली प्रत मोजली असे समजावे. ह्यासाठीच प्रत्येक मोजणी दोनचारदा करायची. पहिल्या वेळी कार्ड जागे होण्याचा वेळ मिसळतो, आणि नंतरच्या वेळी वारंवार लागणारे लहान तुकडे बूटलोडरने स्वतःच ध्यानात ठेवलेले असू शकतात.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॅश बंद ठेवून नुसता माल आणला : अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. कॅश उघडून आणला : जवळजवळ तेवढाच. नवल नाही, कारण माल आणणारा भाग डब्याला न विचारता थेट कोठीत ओतत होता. मग आणलेला माल शाबूत आहे की नाही हे पाहणारी बेरीज करायला सांगितली. हे काम प्रोसेसरचे स्वतःचे. एकेक बाइट उचलून पाहायचा. कॅश बंद असता यंत्र कितीतरी वेळ ढिम्म. कॅश उघडताच तेच काम पापणी लवते न लवते तोच पुरे. कारण कॅश असला की कोठीतून एका खेपेला ३२ किंवा ६४ बाइट एकत्र येतात आणि हाताशी राहतात. नसला की प्रत्येक चिमटीला स्वतंत्र खेप.

भाचा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे कार्डाचा काही दोष नाही.”

“आणि दुकानदाराचाही,” मी म्हटले.

वाचकांना वाटेल, अर्ध्या सेकंदाचा हा काथ्याकूट सणासुदीला कशाला? म्हणून एकच गोष्ट सांगतो. गाडी मागे घेताना चालकाला न दिसलेली लहान मुले चाकाखाली सापडत. पुष्कळदा गाडी घरचीच, अंगण घरचेच, आणि चालवणारे आईबापच. अशा आईबापांच्या प्रयत्नांतून अमेरिकेत २००८ साली एक कायदा झाला. त्यावरून झालेल्या नियमानुसार मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचे दृश्य दाखवणारा पडदा हवा, आणि गाडी मागे जाण्याच्या बेतात आली की २ सेकंदांच्या आत चित्र दिसायला हवे. ह्या दोन सेकंदांसाठी पडद्यामागचा संगणक वेळेवर जागा झालेला असावा लागतो. तिथे कोणाच्या तरी विसरभोळेपणाने डेटा कॅश मिटलेला राहिला, किंवा मोजणाऱ्याने कार्डाला बोल लावून खरे कारण तसेच सोडले, तर वाया गेलेला अर्धा सेकंद हा केवळ अर्धा सेकंद राहत नाही.

मोजणीचे हे शास्त्रही हळूहळूच वाढले. १९९६ साली लॅरी मॅकव्हॉय आणि कार्ल स्टेलिन ह्यांनी ‘एलएमबेंच’ नावाचा मोजणीच्या आज्ञावल्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. स्मृतीचा आधी लहान, मग मोठा, मग आणखी मोठा भाग वाचत जायचा आणि दर वेळी वेळ टिपायचा. भाग कॅशमध्ये मावतो तोवर वेळ कमी. मावेनासा झाला की वेळ एकदम पायरी चढतो. दुसरा कॅश संपला की दुसरी पायरी. चकती न फोडता, तिच्या पोटात किती डबे आहेत आणि त्यांत किती मावते, हे नुसत्या घड्याळावरून कळते. बाजारात मडके घेताना आपल्या बायका टिचकी मारून आवाज ऐकतात आणि न दिसणारी चीर ओळखतात. तीच ही टिचकी.

बूटलोडरची शेवटची गोष्ट सांगून थांबतो. ‘आर्म’ जातीच्या यंत्रावर लिनक्स ही कार्यप्रणाली येण्याची वेळ झाली की तिची एक अट असते : मला घर सोपवाल तेव्हा डेटा कॅश मिटलेला असावा. म्हणून बूटलोडर जाताजाता डब्यातला सारा बदल कोठीत पोचवतो, डबा रिकामा करतो, कॅश मिटतो, घराच्या किल्ल्या नव्या धन्याच्या हाती देतो आणि नाहीसा होतो. व्हीलरच्या ३१ आज्ञाही आपले काम झाले की अशाच बाजूला होत.

आजीही भाऊबीज आटोपली की मिसळणाचा डबा उपडा करून लख्ख घाशी, उन्हात ठेवी आणि पुन्हा रोजची मांडणी लावी. वेलदोडे फडताळात परत जात, धण्याजिऱ्याची पूड स्वस्थानी येई. तिच्यानंतर तो डबा माझ्या आईच्या हाती आला, तेव्हाही तो रिकामा आणि घासलेलाच होता. त्यात काय ठेवायचे, हे ज्याच्या हाती चूल त्याने ठरवायचे.